उतारावरच्या घराची खालची खोली : ओल्या भिंतीपुढे कोरडा सांगाडा

गोव्यात खणून केलेलं तळघर तसं कमीच. पण पर्वरी, दोनापावला, आल्तिनो, वास्कोच्या टेकड्या, फोंडा-डिचोलीकडचे चढ, जिथे जिथे डोंगर कापून घर बसवलंय तिथे रस्त्यावरून एकमजली दिसणाऱ्या घराच्या पोटात आणखी एक मजला असतो. त्याची पुढची बाजू उघडी, उताराकडे. मागची भिंत अर्धी नाहीतर पुरती मातीत. सोललेले नारळ, जुन्या गाद्या, चवथीच्या माटोळीची चौकट, मोडकी सायकल असा ऐवज तिथे वर्षानुवर्षं पडून असतो. मग कुणाचं घरून काम सुरू होतं, कुणाला मुलांसाठी अभ्यासाची खोली हवी असते, आणि घरातल्यांचा डोळा त्या खोलीवर जातो.

अशा खोलीच्या ओलसर भिंतीपुढे स्वतंत्र सांगाडा उभारून त्यावर बोर्ड लावणं हे हौशी माणसाला जमण्यासारखं काम आहे. ड्रिल चालवता येत असेल, लेव्हलची पट्टी वाचता येत असेल आणि मदतीला एक माणूस असेल, तर सुट्टीच्या दिवसांत भिंत उभी राहते. फक्त एक गोष्ट आधीच सांगतो. या विषयावरचे मोबाइलवर दिसणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिका-कॅनडातले असतात. तिथे तळघराच्या काँक्रीट भिंतीपुढे लाकडी चौकट उभारतात ती मुख्यतः थंडी अडवायला. चौकटीत उबदार लोकर भरायची, थंड मुलखात तिच्यावर खोलीच्या बाजूने प्लास्टिक ताणायचं आणि मग बोर्ड ठोकायचा. आपल्याकडे थंडीचा प्रश्नच नाही. आपला सांगाडा उभा राहतो तो खोलीची दर्शनी बाजू ओल्या चिऱ्यापासून चार बोटं लांब ठेवायला. हेतू बदलला की सामान बदलतं, क्रम बदलतो, आणि त्यांच्या काही चांगल्या सवयी इथे चक्क नुकसान करतात.

भिंत जुलैत ओळखायची

काम दिवाळीनंतर सुरू करायचं, पण भिंतीची परीक्षा भर पावसाळ्यात घ्यायची. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. चिरा म्हणजे जांभा दगड, मुळातच छिद्राळ. तो पाणी पितो आणि सावकाश सोडतो. मार्चमध्ये भिंतीवर हात फिरवून 'खडखडीत आहे हो' म्हणणारा मेस्त खोटं बोलत नसतो, पण त्याने ती भिंत ऑगस्टमध्ये पाहिलेली नसते.

परीक्षा सोपी आहे. जाड, पारदर्शक प्लास्टिकचे दीड फूट लांब-रुंद तुकडे कापा. एक जमिनीवर, दोन मागच्या भिंतीवर, म्हणजे एक गुडघ्याच्या आणि एक डोक्याच्या उंचीवर. चारी कडा रुंद चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि निदान १६ तास, जमल्यास दोन दिवस, हात लावू नका. (भिंतीवर पट्टी चिकटतच नसेल तर उत्तर मिळालंच.) मग बघा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले असतील तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडची बाजू ओली असेल तर हवेतली वाफ थंड भिंतीवर बसते आहे. मातीत गाडलेली भिंत पावसाळ्यात खोलीतल्या हवेपेक्षा थंड राहते, त्यामुळे हा दुसरा प्रकारही आपल्याकडे सर्रास असतो. दोन्ही एकदम असू शकतात.

डागही वाचता येतात. जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत सलग पट्टा असेल तर ओल पायातून वर चढते आहे. एकाच कोपऱ्यात, जोराची सर येऊन गेल्यावर काही तासांनी डाग गडद होत असेल तर बाहेरचं पाणी किंवा फुटकी पन्हळ. पाऊस थांबून आठवडा झाला तरी डाग तसाच असेल तर वरच्या न्हाणीघराचा पाइप संशयात घ्या. गिलाव्यावर पांढरी पूड आली असेल तर तो बहुधा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार. चिमटीत घेऊन पाण्यात टाकली की विरघळते. बुरशी विरघळत नाही आणि तिला कुबट वासही येतो.

तीन गोष्टी दिसल्या तर सांगाड्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. भिंतीतून किंवा जमिनीतून पाणी वाहतं आहे. भिंत आत फुगली आहे किंवा तिला आडवी भेग गेली आहे. अशा वेळी मागची माती भिंतीला रेटत असण्याची शक्यता असते आणि तिथे स्ट्रक्चरल इंजिनीअरच हवा. किंवा वाळवीच्या मातीच्या नळ्या वर चढल्या आहेत. बोर्डामागे गेलेलं दुखणं बरं होत नाही, फक्त दिसेनासं होतं.

पाणी बाहेरच अडवा

या टप्प्याला लोक कंटाळतात, कारण यात नवीन खोलीसारखं काहीच दिसत नाही. पण खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. छपराच्या पन्हळींचं पाणी पाइपने घरापासून दूर सोडा. भिंतीच्या बुडाशी ओतू नका. मागच्या भिंतीला लागून रचलेली माती, शेणखताचा ढीग, कुंड्यांची रांग, सगळं हटवा. जमिनीला भिंतीपासून लांब जाणारा उतार द्या. चढाकडून येणारं पाणी घराला वळसा घालून जाईल अशी सिमेंटची गटार मागे असेल तर ती मृगाच्या आधी पाला-पाचोळा काढून मोकळी करा. नसेल तर सांगाड्याचे पैसे आधी तिच्यावर घाला. मागे दरड अडवायला धारक भिंत असेल तर तिच्यातली पाणी निघायची भोकं कधीच बुजवू नका. ती बुजवली की मागे पाण्याचा दाब साठतो. काही हौशी मंडळी 'घाण येते' म्हणून त्यात सिमेंट भरतात.

हे सगळं होऊन पुढच्या पावसात भिंत नुसती दमट राहत असेल, पाणी येत नसेल, तर पुढे चला. उन्हाळ्यात भिंतीचा सुटलेला गिलावा काढा. लोणा कोरड्या ताठ ब्रशने झाडा. धुऊ नका, धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात. मग सिमेंटमध्ये मिसळायच्या दोन घटकांच्या वॉटरप्रूफ लेपाचे दोन हात द्या, डब्यावर लिहिलेलं अंतर राखून. ऑइलपेंट नको, ओल त्याच्यामागे साठते आणि पापुद्रे सुटतात. आतून दिलेला लेप बाहेरच्या जोरकस पाण्याला थोपवू शकत नाही, दमटपणा कमी करतो एवढंच, हे लक्षात असू द्या.

वाळवीसाठी भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेत ठराविक अंतरावर भोकं पाडून औषध सोडतात. उभ्या घरासाठीची ही पद्धत आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात दिली आहे. परवाना असलेल्या माणसाकडून ती आत्ताच करून घ्या. सांगाडा झाल्यावर ती रेषा हाताला लागत नाही.

कागद

घरातल्या घरात हलका सांगाडा उभारणं ही किरकोळ गोष्ट. पण मंजूर नकाशात जी जागा पार्किंग किंवा कोठार म्हणून दाखवली आहे ती राहायची खोली करणं म्हणजे वापर बदलणं. गोव्यात बांधकामाला २०१० ची जमीन विकास व इमारत बांधकाम विनियमावली लागू आहे. पंचायतीत किंवा पालिकेत नकाशा घेऊन जा आणि आधी विचारा. सदनिका असेल तर सोसायटीलाही. राष्ट्रीय इमारत संहितेत तळघराची उंची जमिनीपासून छतापर्यंत निदान २.४ मीटर, म्हणजे आठ फुटांना थोडी कमी, असावी असं म्हटलं आहे. फॉल्स सीलिंगचा मोह होण्याआधी टेप लावून पाहा. आणि झोपायची खोली करणार असाल तर बाहेर पडायला दुसरी वाट, निदान माणूस निघेल एवढी गज नसलेली किंवा आतून उघडणाऱ्या गजांची खिडकी, मी तरी असल्याशिवाय करणार नाही.

लाकूड की पत्रा

व्हिडिओत दिसणारं लाकूड टू-बाय-फोर म्हणून विकतात; प्रत्यक्षात ते दीड बाय साडेतीन इंच भरतं. जमिनीला टेकणारी पट्टी औषध मुरवलेल्या लाकडाची घेतात आणि उभे दांडे १६ इंचांवर लावतात. आपल्याकडे असं पाईन मिळतं, पण दमट भिंतीमागच्या अंधारात मऊ लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण. साग किंवा जून फणस टिकतो, मात्र बोर्डामागे गाडायला साग वापरणं मला उधळपट्टी वाटते. गोव्यासाठी माझं मत जस्त चढवलेल्या पत्र्याच्या, म्हणजे जीआयच्या सांगाड्याला. तो वाकत नाही, वाळवी खात नाही, हलका असतो आणि पत्रा कापायच्या कात्रीने कापता येतो.

खरेदीत एक गोम आहे. म्हापसा, फोंडा, मडगावच्या दुकानांत जीआय म्हटलं की फॉल्स सीलिंगचं सामान पुढे येतं, कारण खप त्याचाच. ते छताला टांगायचं असतं, भिंत म्हणून उभं राहायला नाही. तुम्हाला पार्टिशनचं सामान हवं : जमिनीला आणि छताला लावायचं इंग्रजी यू आकाराचं चॅनेल, आणि त्यात उभे बसणारे स्टड. स्टडच्या पाठीला वायरी न्यायला भोकं पाडलेली असतात, ती ओळखायची खूण. रुंदी साधारण ५० मिमी आणि ७० मिमी मिळते. नऊ-दहा फूट उंचीच्या, नुसत्या आतल्या आवरणासाठी ५० पुरते. त्यावर जड कपाटं टांगायची असतील तर ७० घ्या. पत्रा ०.५ मिमीपेक्षा पातळ नको. जस्ताचा मुलामा ग्रॅममध्ये सांगतात; १२० सहज मिळतो, समुद्राच्या जवळ असाल तर त्याहून जाड मागा. खाऱ्या वाऱ्यात पत्रा कापलेल्या कडेपासून गंजायला लागतो, म्हणून प्रत्येक कापलेल्या कडेला जस्ताचा रंग ब्रशने लावायचा. कंटाळवाणं आहे, पण लावायचाच.

बोर्डाचंही तसंच. साधा जिप्सम बोर्ड कागदात गुंडाळलेला असतो आणि कागद हे बुरशीचं खाद्य. हिरव्या रंगाचा ओलरोधक जिप्सम बरा, पण तो दमट हवेसाठी आहे, ओल्या भिंतीच्या सोबतीसाठी नाही. मातीतल्या भिंतीपुढे ८ किंवा १० मिमीचा सिमेंट फायबर बोर्ड घ्या. खोलीच्या मधल्या, कोरड्या पार्टिशनला हिरवा जिप्सम चालेल.

हिशेब करून दाखवतो. १२ फूट लांब, ९ फूट उंच भिंत. स्टड १६ इंचांवर म्हणजे १४४ भागिले १६, नऊ गाळे, अधिक एक : १० स्टड. चॅनेल वर १२ फूट, खाली १२ फूट. बोर्ड ८ बाय ४ फुटांचे, उभे लावल्यावर तीन; उरलेल्या एक फूट पट्टीसाठी चौथा. चौथ्यातून बरंच उरतं, ते कोपऱ्यांना आणि झडपांना लागतं. बोर्डाचे स्क्रू दोनशे धरा. जागा किती जाईल? दोन इंच मोकळी पोकळी, दोन इंच स्टड, वर बोर्ड : दर भिंतीमागे सव्वाचार इंच. खोली दहा फूट रुंद असेल आणि दोन्ही बाजूंना करणार असाल तर साडेआठ इंच गेले, पलंग आत्ताच मोजून ठेवा.

आखणी

चिऱ्याची भिंत सरळ असेल असं गृहीत धरू नका. वरून ओळंबा सोडा, भिंतीच्या लांबीभर चार-पाच ठिकाणी, आणि ती सगळ्यात जास्त कुठे पुढे आली आहे ते शोधा. त्या फुगवट्यापासून दोन इंच सोडून स्टडची मागची बाजू येईल अशी रेषा जमिनीवर चुनादोरीने मारा. परदेशी व्हिडिओत अर्धा ते एक इंच सोडतात. त्यांची भिंत साच्यातली असते, आपली नसते, आणि आपल्याला मागून हवा खेळवायची आहे. सांगाडा कुठेही जुन्या भिंतीला टेकता कामा नये. 'डुगडुगतंय' म्हणून मधेच लाकडी पाचर मारून भिंतीला टेकू देणारे कारागीर आहेत. त्या पाचरेतूनच ओल पुढे येते. सांगाड्याचा आधार खाली जमीन, वर स्लॅब, बस्स.

जमिनीवरची रेषा स्लॅबवर न्यायची ती लेसरने किंवा ओळंब्याने. दोन्ही टोकांना वरून ओळंबा सोडून खालच्या रेषेवर आणा, वर खुणा करा, खुणा दोरीने जोडा. कोपरा काटकोनात आहे का ते ३-४-५ ने तपासा : एका रेषेवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजा, दोन्ही खुणांमधलं अंतर नेमकं ५ फूट यायला हवं. मोठ्या खोलीत ६-८-१० करा, चूक लवकर कळते. घराचा जुना कोपरा काटकोनात नसला तर त्याच्या मागे धावू नका, नव्या रेषा एकमेकींशी जुळल्या की पुरे.

मग खालच्या चॅनेलच्या जागेवर स्टडच्या खुणा. एका टोकापासून मोजायला लागा आणि १६, ३२, ४८ इंच अशा खुणा स्टडच्या मध्यावर येतील असं बघा. ४८ इंचांवर बोर्डाची कड येते. ती स्टडच्या अर्ध्यावर बसली पाहिजे, म्हणजे शेजारच्या बोर्डाला उरलेला अर्धा मिळतो. नवशिक्यांची गडबड होते ती पहिल्या गाळ्यात : तिथे भिंतीच्या टोकापासून मोजायचं, पहिल्या स्टडच्या मध्यापासून नव्हे.

सांगाडा उभारणं

खालच्या चॅनेलखाली डांबरी मेम्ब्रेनची किंवा बंद-पेशी फोमची पट्टी घाला. जमिनीतली ओल आणि पत्रा यांची गाठ पडू नये एवढंच तिचं काम. मग दर दोन फुटांवर ८ मिमीचं भोक, नायलॉन प्लग, स्क्रू. टोकांपासून तीन-चार इंचांवर पहिला. जमिनीत वॉटरप्रूफिंगचा थर आहे हे माहीत असेल तर ड्रिल चालवू नका. तिथे पॉलियुरेथेन गमाने चॅनेल चिकटवून एक दिवस वजन ठेवायचं. वरचं चॅनेल स्लॅबला तसंच, प्लग-स्क्रूने. ड्रिल करण्याआधी स्लॅबमधली विजेची नळी कुठून जाते ते दिव्याच्या पेटीवरून ताडून घ्या. जुन्या घरांत वर स्लॅबऐवजी लाकडी तुळया असतील तर चॅनेल तुळईला किंवा दोन तुळयांमध्ये घातलेल्या आडव्या फळीला लावा, नुसत्या पाटाला नाही.

दाराची जागा असेल तर तिथे खालचं चॅनेल तोडा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टड पाठीला पाठ लावून उभे करा. त्यातल्या आतल्या स्टडच्या पोटात लाकडी पट्टी भरली की चौकटीचे स्क्रू धरतात.

स्टड प्रत्येक जागी वेगळा मोजून कापा, कारण जमीन आणि स्लॅब क्वचितच समांतर असतात. उंचीपेक्षा ५ ते १० मिमी कमी ठेवा. तिरका आत घालायचा आणि पीळ देऊन सरळ करायचा. सगळ्यांची उघडी बाजू एकाच दिशेला. खाली चॅनेलला स्क्रूने किंवा पत्रा चिमटणाऱ्या क्रिम्परने पक्का करा. वर मात्र नुसता चॅनेलमध्ये बसू द्या. उन्हा-पावसात स्लॅब किंचित हलतो, ती हालचाल वरच्या फटीत जिरते. वरही स्क्रू मारला तर बोर्डाचे सांधे तडकतात, आणि मग दोष पुट्टीवर जातो. प्रत्येक स्टड लेव्हलपट्टीने दोन बाजूंनी तपासा. दहाही झाल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणा; पुढे-मागे झालेला लगेच दिसतो.

जमिनीपासून एक फुटावर स्टडच्या मध्ये आडवे चॅनेलचे तुकडे बसवा. हे का, ते पुढे येतं. टीव्ही, गीझर, देवघराची फळी, पडद्याची दांडी जिथे येणार तिथे स्टडच्या मध्ये १८ मिमीचा बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारा, आयएस ७१० चा प्लाय आधीच लावून ठेवा आणि मोबाइलवर टेपसह फोटो काढा. बोर्ड लागल्यावर कुठे काय आहे हे कुणालाच आठवत नाही.

वायरी

वीज हा हौशी भाग नाही. परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, पण काय मागायचं ते माहीत असू द्या. वायरी पीव्हीसी नळीतून जाव्यात, स्टडच्या भोकाला रबरी कडी असावी, नाहीतर पत्र्याची धार हळूहळू आवरण कापते. धातूचा सांगाडा हिरव्या वायरने अर्थिंगला जोडायला सांगा. खालच्या मजल्याच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, हवाच. सॉकेट जमिनीपासून दीड फूट वर घ्या. पाण्याचा पाइप मागून जात असेल तर त्याचा सांधा बोर्डामागे ठेवू नका. ठेवायलाच लागला तर समोर उघडणारी झडप ठेवा.

लोकर, प्लास्टिक आणि पोकळी

इथे व्हिडिओचं ऐकू नका. थंड देशात आतली हवा उबदार व दमट असते आणि वाफ बाहेरच्या थंडीकडे जाते, म्हणून ते प्लास्टिक खोलीच्या बाजूला लावतात. आपल्याकडे उलट. पावसाळ्यात ओल बाहेरून, मातीतून आत येते, आणि खोलीत एसी लावला की सांगाड्याची आतली बाजूच थंड होते. तिथे प्लास्टिक ताणलं तर पाणी नेमकं त्याच्यामागे, बोर्डाला चिकटून जमतं. त्यामुळे पॉलिथिन नको. पोकळीत काचेची किंवा दगडी लोकरही नको; ती ओली झाली की वाळायचं नाव घेत नाही. एसी सतत चालणार असेल आणि थर हवाच असेल तर पाणी न पिणारा एक्सपीएस फोम बोर्डाच्या मागे लावा, भिंतीकडची पोकळी मोकळी ठेवून.

पोकळीतली हवा फिरती ठेवायला खाली आणि वर जाळीदार झरोके द्यायचे, खोलीच्या बाजूने. लांब भिंतीत दर तीन मीटरवर पोकळी उभ्या पट्टीने बंद करावी, म्हणजे आग लागली तर ती मागच्या मागे घरभर धावणार नाही. अमेरिकेतल्या नियमांतही साधारण दहा फुटांवर असा अडथळा मागतात. ही पट्टी दगडी लोकरीची असते, तेवढी एकच जागा लोकरीला माफ. पण मग प्रत्येक कप्प्याला स्वतःचे खालचे-वरचे झरोके हवेत. झरोक्यांना स्टीलची बारीक जाळी बसवा. झुरळं आणि पाली तर येतातच, बागेला लागून असलेल्या खोलीत फुरसंही येऊ शकतं, आणि पोकळीतल्या फुरशाशी कुणाला बोलायचं नसतं.

बोर्ड, आणि खालची एक फूट पट्टी

नऊ फूट उंचीत आठ फुटी बोर्ड बसला की एक फूट उरतो. बहुतेक कारागीर ती पट्टी वर, छताजवळ लावतात. तुम्ही ती खाली लावा. खालच्या फुटाची पट्टी वेगळी, नुसत्या स्क्रूवर, सांधा न भरता, सांध्यावर पीव्हीसीचा किंवा लाकडी गोला, म्हणजे अरुंद गोलसर पट्टी, मारून. उद्या पाणी आलं, वाळवीचा संशय आला, वायर ओढायची झाली, तर चार स्क्रू काढून आत बघता येतं. खराब झाली तर फूटभर बदलायची, भिंत नाही. खालचे झरोकेही तिच्यातच कापा. मघाशी एक फुटावर लावलेले आडवे तुकडे याच सांध्यासाठी. उंची नेमकी आठ फूट असली तरी मी बोर्ड कापून ही पट्टी वेगळी करेन. पट्टीची खालची कड जमिनीपासून १० मिमी वर ठेवा. फरशी पुसताना पाणी वर चढायला नको. ती फट स्कर्टिंगने झाकते.

सिमेंट बोर्ड ८ मिमीचा असला तरी आठ बाय चारचा तुकडा तीस किलोच्या आसपास भरतो, एकट्याने उचलू नका. कापताना कार्बाइडच्या टोकाने दोन-तीनदा रेघ ओढून मोडा. ग्राइंडर लावला तर उडणारी धूळ फुप्फुसाला वाईट. एन-९५ मास्क, खोलीबाहेर आणि पाणी शिंपडत. स्क्रूची भोकं आधी पाडा. कडेला दर ८ इंचांवर, मधल्या स्टडवर दर १२ इंचांवर स्क्रू. बोर्डाच्या कोपऱ्यापासून दोन इंच लांब, नाहीतर कोपरा तुटतो. दोन बोर्डांत ३-४ मिमी फट ठेवा. दमट हवेत बोर्ड किंचित फुगतो, पावसाळ्यात तर नक्की. ती फट लवचिक सीलंटने भरा, वर फायबर जाळीची टेप, मग जॉइंट कंपाउंडचे दोन पातळ हात. एक जाड हात दिला की तडा ठरलेला. भरणं-घासणं डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकलं तर लवकर वाळतं; पावसाळी हवेत पुट्टी बराच वेळ ओलीच राहते. रंग साधा पाण्याचा, बुरशीरोधक.

पहिला पावसाळा

खोलीत एक स्वस्तातला आर्द्रतामापक टांगा. आकडा ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा. जुलैत बाहेरची हवाच ८०-९० टक्क्यांवर असते, त्यामुळे 'हवा येऊ दे' म्हणून खिडक्या उघड्या टाकल्या तर ओल आत घेतो. भर पावसात खिडक्या बंद ठेवा आणि डीह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड चालवा. उघडीप पडून कोरडं ऊन आलं की उघडा. झरोक्यांतून हीच कोरडी हवा मागे जाते, म्हणून त्यांच्यासमोर गादी किंवा खोकी लावू नका.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर एका कप्प्याची खालची पट्टी काढून टॉर्च मारा. चिरा गडद दिसला तरी चालेल, चॅनेलमध्ये पाणी साचलेलं चालणार नाही. स्क्रूच्या डोक्यांवर गंज आला आहे का, बोर्डाच्या मागच्या अंगाला काळे ठिपके आहेत का, जमिनीलगत वाळवीची नळी आहे का, एवढं बघा. असंच जुलैच्या शेवटी आणि चवथीच्या आधी एकदा. या तिन्ही वेळा आत काही सापडलं नाही तर गोला पक्का करा आणि मोठं कपाट त्या भिंतीकडे न्या, तेही झरोके मोकळे राहतील एवढं अंतर सोडून.